हिवाळ्यात चुलीवरचं इटालियन सूप : मिनेस्त्रोने, आपल्या वावरातल्या भाजीचं

सांदवाडी (आर्वी, जि. वर्धा)

राम राम मंडळी.

कापूस वेचणी चालू आहे. सकाळी बोंडाला हात लावला की दवानं बोटं बधिर होतात, आणि संध्याकाळी घरी येईतो अंधार पडलेला असतो. घरात माझे मामाजी (सासरे) आहेत, वय ८२. दात राहिले नाहीत. थंडी वाढली की त्यांचं जेवणच तुटते. दोन घास दूध-भाकर खातात आणि ताट सरकवून देतात. मागच्या पौषात त्यांचं वजन इतकं उतरलं की धोतर कमरेला राहात नव्हतं. म्हणून यंदा मी दिवाळीपासून एक सूप करत आहे, आणि ते इथं सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याला एका हॉटेलात तीन वर्षं इटालियन स्वयंपाक करत होता. दिवाळीला आला तेव्हा आपल्या आबाजींसाठी त्यानं आमच्या चुलीवर जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) मोठ्या गंजात हे सूप केलं. म्हणाला, मामी, हे मुळात हॉटेलातलं नाहीच, हे तिकडच्या शेतकऱ्याच्या घरचं आहे. त्याचं नाव मिनेस्त्रोने. ‘मिनेस्त्रा’ म्हणजे सूप, आणि शेवटी ‘ओने’ लागलं की मोठं, भरगच्च. ठरलेली कृती नाही. ज्या महिन्यात जी भाजी निघते ती त्यात जाते. मला तर हे ऐकूनच हुरूप आला, कारण मार्गशीर्ष-पौषात आपल्या वावरात आणि सांदवाडीत (घरामागच्या वाडीत) जेवढं असते तेवढं वर्षात कधी नसते. तुरीचे सोले, वालाचे दाणे, वाटाणा, गाजर, पालक, कोबी, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा शेंडा.

पण एक गोष्ट मी तीन-चारदा करून शिकले. भाजी आपली चालते, पद्धत मात्र त्यांचीच ठेवावी लागते. ती सोडली की मिश्र भाजीचं पाणी होते.

सहा माणसांचं प्रमाण सांगते. एक वाटी राजमा (साधारण २०० ग्रॅम) रात्री भिजवायचा. सकाळी ते पाणी फेकून, नवीन पाण्यात, मीठ-बीठ काही न घालता पूर्ण मऊ शिजवून घ्यायचा. ज्या पाण्यात शिजला ते मात्र टाकायचं नाही, सुपाचं अंग त्याच पाण्यात आहे. मग दोन मोठे कांदे, दोन गाजरं आणि मूठभर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या इतक्या बारीक चिरायच्या की ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे व्हावे. मूळ कृतीत सेलेरी नावाची दांड्यांची भाजी असते. ती आपल्याकडं मिळत नाही. सांबार तिच्याच कुळातला, म्हणून काड्या. पानं नाही, पानं शेवटी वरून.

आता खरं काम. गंजात चार पळ्या शेंगदाण्याचं तेल, त्यात हे चिरलेलं सगळं आणि चिमूटभर मीठ. चुलीतली लाकडं बाहेर ओढून घ्यायची आणि नुसत्या निखाऱ्यावर गंज ठेवायचा. आपली फोडणी तडतडते, हिचा आवाज येऊच द्यायचा नाही. कान जवळ नेला तर हळू बुडबुड ऐकू यावं, बस्स. पहिली पाच मिनिटं कच्च्या कांद्याचा उग्र वास येतो. मग कांदा पाणी सोडतो, ते आटते, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास वास एकदम गोडसर होतो, गाजराचा रंग तेलात उतरतो, तेल केशरी दिसते. कांदा लाल होऊ द्यायचा नाही. वीस मिनिटं. याला ते ‘सोफ्रित्तो’ म्हणतात. मी पहिल्यांदा घाईनं जाळ वाढवून पाच मिनिटांत उरकलं होतं, तर सुपाला कांदाभज्याचा वास आला.

मग ठेचलेला लसूण पाच-सहा पाकळ्या, चार पिकले टोमॅटो चिरून. ते गळाले की एक बटाटा, पाव कोबी, कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) चार फोडी, दीड-दोन लिटर पाणी (राजम्याचं धरून). लाकडं परत आत. बटाटा शिजत आला की तुरीचे सोले, वाटाणे, वालाचे दाणे. अर्धा राजमा अख्खा घालायचा आणि अर्धा पळीनं घोटून, त्यानंच दाटपणा येतो. कॉर्नफ्लोअर लावायचं नाही. पालक शेवटच्या पाच मिनिटांत. मिरे, मीठ, उतरवल्यावर सांबाराची पानं. वाढताना प्रत्येक वाटीत वरून कच्च्या तेलाची धार.

मामाजींना मी घोटून देते, बाकीच्यांना तसंच. कोणाला काही सुधारणा सुचत असेल तर जरूर सांगा.

---

तिखटजाळ (अकोट)

ताई, वाचलं सगळं. पण मले एक सांगा, ह्याच्यात तिखट नाही, मसाला नाही, खोबरं नाही, त मंग चव कायची? आमच्या घरी हिवाळ्यात पाव्हणा आला का तर्रीच लागते. मिश्र भाजीच्या पातळ कालवणाले इटालियन काहून म्हणाचं?

---

सांदवाडी

दादा, मलाही आधी हेच वाटलं होतं. म्हणून एकदा निम्म्या सुपात मी आपला काळा मसाला घालून पाहिला. चांगली आमटी झाली, पण तुरीचा सोला कुठं, गाजर कुठं, काही कळेना. मसाल्यानं सगळ्यांना एकच चव दिली. बिनमसाल्याच्या सुपात ताज्या सोल्याची चव वेगळी कळते, कोहळ्याचा गोडवा वेगळा कळतो. शिळ्या भाजीचं हे सूप जमत नाही, हे त्यातूनच समजलं. तिखट पाहिजेच असेल तर सोफ्रित्तोच्या तेलात एक अख्खी वाळली मिरची टाका आणि नंतर काढून घ्या. भाचा सांगत होता की इटलीच्या दक्षिणेला, कालाब्रिया भागात लोक मिरचीचे मोठे शौकीन आहेत.

---

तोरीनोकर वऱ्हाडी

मूळ गाव दारव्ह्याकडं, गेली नऊ वर्षं इटलीत तोरीनोला नोकरीला आहे. ताई, तुमचा धागा वाचून आईच्या चुलीपुढं बसल्यासारखं झालं. तुमचा सोफ्रित्तो बिनचूक आहे. फरक एवढाच की इथं तो ऑलिव्ह तेलात करतात.

तिखटजाळ भाऊ, राजमा, टोमॅटो, मिरची, बटाटा, कोहळं, हे सगळं इटलीतही परकंच. १४९२ नंतर अमेरिकेतून युरोपात आलं. आधी इथले शेतकरी चवळी, वाटाणा, हरभरा, बाकल्याच्या शेंगा यांचीच सुपं करत होते. म्हणजे राजम्याऐवजी चवळी घातली तर सूप चुकत नाही, उलट अजून जुन्या चवीकडं जातं. तीच भाजी घातली नाही म्हणून इथं कोणी नाव बदलत नाही. प्रांतोप्रांती ते वेगळं असतं. जेनोवाला उतरवल्यावर त्यात चमचाभर पेस्तो, म्हणजे बेसिलची पानं, लसूण, चीज आणि तेल यांचं वाटण, कालवतात. मिलानला तांदूळ घालतात.

आणि पारमेजान चीजची जी टणक साल उरते ती खरवडून, धुऊन सुपात तासभर उकळायला टाकतात, खूप खोल चव येते. पण शाकाहारी घरांनी लक्षात ठेवा, खरं पारमेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. गावाकडं ते न मिळालेलंच बरं. त्याऐवजी दोन टोमॅटो निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजून, सोलून, कुस्करून टाका. मी आईला हेच सांगितलं आहे.

---

धानाची बांधी (लाखनी, जि. भंडारा)

मिलानला तांदूळ घालतात हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडं पास्ता तालुक्यालाही एकाच दुकानात, आणि घरात मात्र धानाच्या कोठ्या भरलेल्या. दादा, कोणता तांदूळ लागतो? चिन्नोर चालेल का?

---

तोरीनोकर वऱ्हाडी

चिन्नोर जपून ठेवा, त्याचा सुगंध सोफ्रित्तोशी भांडेल. इथं आखूड, जाड, पिठूळ दाण्याचा तांदूळ लागतो. आर्बोरियो म्हणून जो जगभर विकला जातो त्याचं नाव तोरीनोहून जवळच असलेल्या वेर्चेल्ली प्रांतातल्या एका गावावरून पडलं. एप्रिल-मे मध्ये तोरीनोहून मिलानला रेल्वेनं जाताना वेर्चेल्ली, नोवारा या पट्ट्यात दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या दिसतात, मागे बर्फाचे आल्प्स. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट साकोली आठवली होती. तुमच्याकडचा साधा जाडा तांदूळ घ्या, न धुता, सहा माणसांना अर्धी वाटी पुरे. शेवटच्या वीस मिनिटांत टाका आणि हलवत राहा.

---

बन्सीचं पीठ (अचलपूर)

पास्त्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. पास्ता ज्या गव्हाचा करतात तो डुरम, आणि आपला बन्सी डुरमच आहे. माझ्या माहेरी कोरडवाहू वावरात बन्सी होता. दाणा लांबट, पिवळसर, दाताखाली कटकन वाजणारा. त्याचा रवा शिजून गिचका होत नाही, म्हणून शेवयांना आणि सरगुंड्यांना बायका बन्सीच शोधत.

नवीन मुलींना सरगुंडे माहीत नसतील. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक पट्टी काडीभोवती गुंडाळत न्यायची, काडी ओढून घ्यायची की पोकळ पिळाची गुंडी तयार. खाटेवर धोतर अंथरून वाळवायची. उन्हाळ्यात उकडून आमरसासोबत. माझ्या सासूबाई एका दुपारात दोन पायल्यांचे करत, बोलता बोलता, हाताकडं न पाहता. घरात मागच्या उन्हाळ्याचे डबाभर होते, ते मी ताईंच्या सुपात घातले. अगदी पास्त्यासारखे अख्खे राहिले, आणि पिळात सूप भरून राहते त्यामुळं घास रसाळ लागतो.

---

तोरीनोकर वऱ्हाडी

काकू, सिसिलीत त्रापानीकडं ‘बुझियाते’ नावाचा पास्ता असाच गवताच्या काडीभोवती गुंडाळून करतात! सरगुंडे आणि बुझियाते शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. एक सांगतो, जेवढं त्या वेळी खायचं तेवढ्याच सुपात घाला. उरलेल्या सुपात पास्ता राहिला तर रात्रभर पाणी पिऊन फुगतो.

---

उपकेंद्रातली ताई

सगळं छान चाललं आहे, पण राजम्याबद्दल एक गोष्ट लिहिणं माझं काम आहे. कृपया घरात सगळ्यांना सांगा.

कच्च्या आणि अर्धकच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. चार-पाच दाण्यांनीही माणसाला काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात बरंच कमी. उपाय सोपा आहे. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, आणि नवीन पाण्यात खळखळ उकळी आल्यावर मोठ्या जाळावर किमान दहा मिनिटं उकळू द्या. त्यानंतर मंद आंचेवर कितीही वेळ ठेवा. कुकरला काही अडचण नाही. धोका आहे तो सुरुवातीपासून राखेत किंवा मंद निखाऱ्यावर रात्रभर ठेवण्यात. उकळीपर्यंत न पोचलेल्या उष्णतेनं ते द्रव्य मरत नाही, उलट वाढल्याचं दिसलं आहे. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकरांना याचा त्रास लवकर होतो, म्हणून ज्यांना शंका असेल त्यांनी चवळीच वापरावी.

---

तोरीनोकर वऱ्हाडी

ताई, हे लिहिलंत हे फार चांगलं केलं. तोस्काना प्रांतात जुन्या काळी पांढरा राजमा काचेच्या फुगीर बाटलीत भरून चुलीच्या राखेत रात्रभर ठेवत. मी ते इथं लिहिणारच होतो. कोणी वाचून लाल राजम्याचं तसं केलं असतं. तोस्कानाच्या लोकांना बाकीचे इटालियन ‘राजमाखाऊ’ म्हणतात, इतका त्यांचा तो जिवाभावाचा पदार्थ आहे.

---

विहिरीचं पाणी (दिग्रस)

माझी अडचण ऐका. सांगितल्याप्रमाणं राजमा रात्रभर भिजवला, पाणी फेकलं, मोठा जाळ केला. तीन तास झाले, दाणा दाताखाली गोट्यासारखा. घरात सगळे उपाशी बसून. शेवटी चून (पिठलं) टाकलं आणि भाकरी खाल्ल्या. लेकरं हिरमुसली. टोमॅटो मी आधी घातला नव्हता. कुठं चुकलं?

---

सांदवाडी

बाई, तुमचं बोअरचं पाणी आहे का? गंजाला आतून पांढरा थर धरतो का?

---

विहिरीचं पाणी

हो ताई, बोअरचंच. गंज, गुंड, सगळ्यांना खवल्यासारखा थर. साबणाला फेस येत नाही.

---

सांदवाडी

मग चूक तुमची नाही, पाण्याची आहे. जड पाण्यातला चुना दाण्याच्या सालीला आणखी टणक करतो. मलाही हा अनुभव आला, पण माझं कारण वेगळं होतं. मी पहिल्या वेळी टोमॅटो आणि हरभऱ्याचा पाला राजम्यासोबतच टाकला होता. आंबटानंही दाणा तसाच आडून बसतो. हरभऱ्याच्या पानावर सकाळी बोट फिरवून चाटलं तर कळते किती आंब असते ती. म्हणून आंबट काहीही असो, राजमा बोटानं चुरडेपर्यंत आत जाऊ द्यायचं नाही.

तुम्ही भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घाला, आणि शिजवताना खायचा सोडा, चिमटीत मावेल एवढाच. जास्त घातला तर साबणासारखी चव येते. शक्य झालं तर शिजवायला पिण्याच्या फिल्टरचं पाणी घ्या. आणि राजमा किती जुना आहे तेही पाहा. दोन-तीन वर्षं डब्यात पडलेला दाणा काही केल्या शिजत नाही.

---

कोबीचा पाला (काटोल)

आठवडी बाजारात भाजीवाले फुलकोबीची पानं तोडून फेकून देतात, गाई खातात. मी ती मागून आणते. कोवळी पानं, मधली जाड शिर काढून, बारीक चिरून सुपात. पालकासारखी गळत नाहीत, अर्धा तास उकळूनही चावायला राहतात. तोरीनोकर दादा, हे तिकडच्या पद्धतीत बसते का?

---

तोरीनोकर वऱ्हाडी

पूर्ण बसतं. तोस्कानात ‘काव्होलो नेरो’ नावाचा काळपट हिरव्या, लांब, सुरकुतलेल्या पानांचा कोबी हिवाळ्यात घालतात. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि तो काळा कोबी, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं सगळ्यांची जात एकच.

त्याच कोबीवरून ‘रिबोल्लिता’ सांगतो. नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेलं’. पहिल्या दिवशीचं राजमा-कोबीचं सूप उरलं की त्यात शिळ्या पावाचे तुकडे घालून दुसऱ्या दिवशी परत उकळायचं. पाव सगळं पाणी शोषतो आणि सूप इतकं दाट होतं की पळी उभी राहते. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, त्यामुळं सुपाच्या मिठाशी जुळतो. इथं माझ्या खालच्या मजल्यावर तोस्कानाच्या एक आजी राहतात. त्या पहिल्या दिवशी ते सूप कोणाला देतच नाहीत, एक रात्र थांबायला लावतात. आपल्याकडं पाव कुठला, म्हणून मी इकडं ज्वारीची शिळी भाकर कुस्करून पाहिली. चव चांगली, पण ज्वारीत चिकटपणा नसल्यानं तिची पेज झाली, तुकडा राहिला नाही.

---

तिखटजाळ

दादा, रोडगे टाका ना! मार्गशीर्षात आमच्या वावरात रोडगे-वांग्याची पंगत असते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा दुसऱ्या दिवशी दगडासारखा होते. तो फोडून टाकला त नक्की तुकडा राहीन. परवा आमच्या घरच्यांनी ताईच्या पद्धतीनं सूप केलं, मिरचीचं सांगितलं तसं. मले वाटलं नव्हतं पण तीन वाट्या खाल्ल्या. सोल्याची चव खरंच कळते.

---

उपकेंद्रातली ताई

उरलेलं सूप थंडी आहे म्हणून रात्रभर उघडं ठेवू नका. लवकर गार करून झाका, फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट नाही, खळखळ उकळून घ्या.

---

सांदवाडी

तिखटजाळ दादांचं ऐकलं.

रविवारी आमच्याकडं रोडगे होते. सहा उरले. सोमवारी सकाळी हातानं फुटेनात, बत्त्यानं फोडले. बाहेरून करपट, आतून कोरडा पिवळा भुगा. आदल्या रात्रीच्या उरलेल्या सुपाला आधी चांगली उकळी आणली, मग तुकडे टाकून झाकण ठेवलं आणि लाकडं ओढून घेतली. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर तुकड्यांचे कोपरे विरघळलेले, मधला गर मऊ स्पंजासारखा. पळी उभी करून सोडली, राहिली. गोवरीच्या आराचा तो धुरकट वास सुपात उतरला होता, तो मी कितीही केलं तरी फोडणीनं आणू शकले नसते. वरून जवसाच्या कच्च्या तेलाची धार घातली, जसं आपण भाकरीवर घेतो.

मामाजींना यावेळी घोटून दिलं नाही. टाळूनं दाबून खाता येत होतं. त्यांनी विचारलं, रोडग्याचं काय केलं गं हे? मी सांगितलं, इटलीत शिळ्या पावाचं करतात तसं. त्यांनी ऐकून घेतलं, वाटी बोटानं पुसली आणि परत पुढं केली. पौष लागल्यापासून दुसरी वाटी त्यांनी पहिल्यांदा मागितली.

घरातला राजमा संपला. उद्याच्यासाठी चवळी भिजत घातली आहे.